साडभाऊंच्या ब्रेकची खरी गोष्ट

हट्टीपणाला जर जिल्हा मुख्यालय असतं, तर ते वर्ध्याहून उचलून आर्वीला, आमच्या साडभाऊंच्या मागच्या अंगणात आणावं लागलं असतं. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. साडूचं नातं मोठं गमतीचं असतं. दोघांनी एकमेकांना निवडलेलं नसतं, रक्ताचा थेंबही सारखा नसतो, पण एकाच सासुरवाडीच्या ओसरीवर वर्षानुवर्षं शेजारी शेजारी बसून एकमेकांच्या कौतुकाचा आव आणावा लागतो. मी रोहण्याचा, नोकरीभर कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होतो. म्हणजे शेतकऱ्याने उन्हातान्हातून आणलेल्या पांढऱ्या कापसात पिवळेपणा शोधून काढणं हा माझा धंदा. साडभाऊंचं आर्वीत पंप-मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान. मी चांगल्या वस्तूला नापास करायचो आणि ते नापास झालेल्या वस्तूला चांगलं करायचे. आमचं जमावं असं त्यात काहीच नव्हतं, तरी जमलं. त्याचा मी पुढे काय उपयोग करून घेतला, ते सांगण्यासाठीच हे लिहितो आहे.

‘त्या काळचं’ हे दोन शब्द साडभाऊंच्या तोंडात सुपारीसारखे कायम असत. कारण होती ती गाडी. अमेरिकन, लांबलचक, मागे माशासारखे पर असलेली. कुण्या जिनिंगवाल्याच्या वारसांनी ती टिनाच्या शेडमध्ये टाकून दिली होती आणि मागच्या सीटवर कोंबड्यांनी अंड्यांचा कारखाना काढला होता. साडभाऊंनी ती ट्रॅक्टरला बांधून घरी आणली तेव्हा तिचं नाक अंगणात आणि शेपूट रस्त्यावर, अशी परिस्थिती झाली. दुसऱ्या एखाद्या माणसानं गाडी परत केली असती. साडभाऊंनी भिंत पाडली. तरी हातभर कमी पडलं, म्हणून तुळशीवृंदावन सरकवलं. आमच्या मेहुणीबाई ओसरीतून पाहत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, ‘‘तुळस सरकवली. आता मले कधी सरकवते ते पाहू.’’ साडभाऊंनी यावर मान वर करून अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्याकडे पाहिलं, आणि ते जागेचा अंदाज घेत आहेत की काय, असं मला क्षणभर वाटलं.

त्यानंतर त्या गाडीत त्या काळचं नसलेलं काहीही शिरू द्यायचं नाही, हा नियम झाला. वायरींवर प्लास्टिक नको, सुताचं वेष्टन हवं. ‘‘सूतकताईच्या जिल्ह्यात राहातो, सुताले काय तोटा?’’ म्हणत त्यांनी कुठूनसा चरखा आणला, आणि कापूस माझ्याकडे मागितला. ‘‘पन पास केलेला पाह्यजे हं, साडभाऊ. तुमचा तं कोनताच कापूस पास होत नाई.’’ गाडीतला रेडिओ काचेच्या नळ्यांचा होता. तो तापून गाऊ लागेपर्यंत गाव येऊन जायचं आणि आम्ही उतरून चालायला लागल्यावर मागे गाडीत एकटाच गात बसायचा. वेगाच्या काट्यावर मैल होते, म्हणून साडभाऊ सगळी अंतरं मैलांत सांगत. त्यांच्या भरवशावर निघालेली माणसं ठरलेल्या ठिकाणी कधीच वेळेवर पोचली नाहीत. गाडीत बसण्यापूर्वी बायकांच्या पिशव्या तपासल्या जात. माझ्या बायकोची पाण्याची प्लास्टिकची बाटली काढून घेऊन त्यांनी तिच्या हातात तांब्या दिला. प्रत्येक खड्ड्यागणिक तांब्यातलं पाणी तिच्या मांडीवर सांडत होतं. ‘‘तांब्या त्या काळचा हाय,’’ साडभाऊ अभिमानानं म्हणाले. ‘‘खड्डेबी त्याच काळचे हायेत, भाऊजी,’’ ती पदर पिळत म्हणाली.

पण ही सगळी नुसती वाजंत्री. खरं लग्न लागलं ते ब्रेकशी. ही गाडी नवी असताना तिला पावर ब्रेक होता. पेडलच्या पुढे कढईएवढा एक लोखंडी डबा, त्याच्या आत एक सरकता पडदा. इंजिन चालू असलं की ते एका नळीतून त्या डब्यातली हवा ओढून घेतं. आपण पेडलवर पाय ठेवला की बाहेरची हवा एका बाजूने आत घुसते, पडद्याला ढकलते, आणि आपल्या पायाच्या बळाला पैलवानाचं बळ येऊन मिळतं. इंजिन बंद केलं, तर डब्यात उरलेल्या ओढीवर दोन-तीनदा ब्रेक लागतो. त्यानंतर पेडल म्हणजे दगड. हे सगळं मला आज जसं पाठ आहे तसं त्या दिवशी डोक्यात असतं, तर मला हा लेख लिहावा लागला नसता.

तर त्या डब्याला गंज चढला होता आणि आतल्या पडद्याची कातड्याची कड उंदरांनी खाल्ली होती. वर्ध्याच्या मेकॅनिकने पाहिलं आणि सांगितलं की आजच्या कोणत्याही गाडीचा डबा बसवून देतो, संध्याकाळी घेऊन जा. साडभाऊंनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी मी ओल्या कापसाकडे पाहत असे. ‘‘आजीच्या तोंडात नातवाचे दात बसवतं काय रे?’’ असं विचारून ते डबा बगलेत मारून परत आले, आणि पुढची कितीतरी वर्षं तो डबा त्यांच्या बगलेतून खाली उतरलाच नाही. कातडं त्यांनी स्वतः कापलं. पहिलं जाड निघालं, दुसरं पातळ. तिसरं बरोबर होतं, पण ते तेलात मुरवायचं होतं. ते त्यांनी मुरवलं मेहुणीबाईंच्या तळणाच्या कढईत. त्या दिवसापासून त्या घरात भजी बंद झाली. ‘‘घरात भजे होऊन राह्यले का जोडे, वासावरून समजतच नाई बाप्पा,’’ असं त्या आल्यागेल्याला सांगत.

मग धुण्याचा प्रश्न आला. गाडीबरोबरच्या जुन्या पुस्तकात लिहिलं होतं, ब्रेकचे आतले भाग फक्त अल्कोहोलने धुवावेत. रॉकेल-पेट्रोलने रबर फुगतं. आता आमचा जिल्हा दारूबंदीचा. इथे दारू मिळत नाही, हे इथले पिणारेसुद्धा शपथेवर सांगतील. औषधाच्या दुकानातल्या स्पिरिटमध्ये भलतंच काही मिसळलेलं असतं, म्हणून ते नको. अखेर ज्या माणसानं खोकल्याचं औषधही पाणी घालून घेतलं, तो माणूस नदीपलीकडच्या जिल्ह्यात जाऊन बाटली घेऊन आला आणि पुलाच्या अलीकडे पकडला गेला. शिपायानं विचारलं, ‘‘पिशवीत काय हाय?’’ कोणताही शहाणा माणूस ‘औषध’ म्हणाला असता. साडभाऊ म्हणाले, ‘‘अल्कोहोल.’’ ‘‘कायले?’’ ‘‘ब्रेक धुवाले.’’ शिपायानं आजवर गुडघेदुखी ऐकली होती, म्हातारीची मालीश ऐकली होती, बैलाची सूजही ऐकली होती. ब्रेक नवीन होता. मला निरोप आला म्हणून मी धावत ठाण्यावर गेलो, तर साडभाऊ साहेबांच्या टेबलावर खडूने डब्याचं चित्र काढून हवा कुठून आत जाते ते समजावत होते. साहेबांनी मला पाहून हात जोडले. ‘‘यायले घेऊन जा. माह्याच डोक्शाचा ब्रेक फेल होऊन राह्यला.’’ बाटली अर्थातच परत मिळाली नाही. पुढे नागपूरच्या प्रयोगशाळांच्या दुकानातून अल्कोहोल रीतसर मागवलं आणि डबा एकदाचा धुतला गेला.

आणि तो ब्रेक लागला. काय लागला! केळझरच्या गणपतीला गाडीची पूजा करायला आम्ही सगळे गेलो. पुजाऱ्यांनी कुंकू लावायला हात उचलला तर साडभाऊ मध्ये आडवे. ‘‘टायरले लावा महाराज, पत्र्याले नाई.’’ लिंबू मात्र चाकाखाली ठेवू दिलं. लिंबू त्या काळीही होतं, असा निर्णय झाला. त्यानंतर घरी पाहुणा आला की चहाआधी ब्रेक. पाहुण्याला शेजारी बसवायचं, गल्लीत गाडी काढायची आणि करंगळीने दाबावं इतक्या हळू पेडल दाबायचं. पाहुणा पुढच्या काचेला नमस्कार करून परत येई आणि मग त्याला चहा मिळे. रोज सकाळी पूजेसारखी एक परीक्षा असे. बंद गाडीत पेडल पुन्हा पुन्हा दाबायचं, डब्यातली ओढ संपवायची, शेवटच्या दाबात पाय तसाच धरून ठेवायचा आणि इंजिन चालू करायचं. डबा चांगला असेल तर पायाखालचं पेडल आपण होऊन थोडंसं खाली जातं. ‘‘जसं झोपलेलं जनावर सुस्कारा सोडते नं, तसं,’’ ते म्हणायचे. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसे ते मी देवळातही फार लोकांच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही.

आता माझी एक सवय सांगतो. मी तेव्हा छोटी जुनी गाडी चालवत असे, आणि रस्त्यानं जिथे जिथे म्हणून मान खाली घातली तिथे तिथे मी किल्ली बंद करून गाडी सोडून देत असे. पेट्रोल वाचतं. आमच्या पिढीच्या सगळ्यांची ही सवय आहे आणि सगळ्यांना ती अक्कल वाटते. साडभाऊंनी एकदा माझ्या शेजारी बसून हे पाहिलं. ते म्हणाले, ‘‘साडभाऊ, थे तुमची डब्बी हाय, थिले चालते. माह्या गाडीत असं करसान तं खाली मी भेटन का यमराज भेटन, सांगता येत नाई.’’ मी हसलो. ग्रेडर माणसाला इतरांच्या सूचना ऐकायची सवय नसते.

माझ्या मुलाचं लग्न ठरलं. मुलगी आष्टीची. व्याही धान्याचे व्यापारी, कडक माणूस. त्यांचे थोरले भाऊ त्यांच्याहून कडक, आणि सोयरीक जुळवताना दोन वेळा ताणलं गेलेलं होतं. नवरदेव साडभाऊंच्या गाडीतून मांडवात जाणार, हे तर नक्कीच होतं. गाडी आठवडाभर पुसली जात होती. वरात निघाली. वाजंत्री पुढे, साडभाऊ गाडी चालवताहेत, मी शेजारी, मागे बाशिंग बांधलेला मुलगा आणि करवल्या. बाजाराच्या मागून मांडवाकडे उतार लागतो, त्याच्या माथ्यावर मुलाच्या मित्रांनी गाडी अडवली. ‘‘मावसाजी, उतरा! मावसाजी नाचल्याशिवाय गाडी पुढं जाणार नाई!’’ साडभाऊ आणि नाच यांचा संबंध आमच्या मेहुणीबाईंना जाऊन विचारावा. पण पोरांनी ओढलं. उतरता उतरता त्यांनी मला स्टिअरिंगवर सरकवलं. ‘‘दोन मिंट. पाय ब्रेकवर ठेवा. बाकी कायलेबी हात लावू नका.’’

पाय मी ब्रेकवर ठेवला. पुढे उतार दिसत होता. वाजंत्रीवाले हळूहळू सरकत होते, गाडीही थोडी थोडी सरकू द्यावी लागत होती. इंजिन उगाच घुरघुरत होतं. माझा हात किल्लीकडे गेला. खरं सांगतो, मी विचार केला नाही. उतार दिसला की आवंढा गिळावा तसा तो हात जायचा. किल्ली फिरली, वाजंत्रीच्या दणक्यात कोणाला न कळता इंजिन गप्प झालं, आणि मला बरं वाटलं. गाडी सरकली, मी ब्रेक दाबला, लागला. पुन्हा सरकली, पुन्हा दाबला, लागला. तिसऱ्यांदा दाबला तर पायाखाली कुणी फरशी आणून ठेवल्यासारखं झालं. मी हातब्रेक समजून जे हाताला लागलं ते ओढलं. ते दिव्यांचं बटण निघालं. भर दुपारी दोन्ही दिवे लावून आम्ही वाजंत्री फाकवली, फुलांची कमान गळ्यात घेतली आणि मठ्ठ्याच्या टाकीला जाऊन भिडलो. नवरीचे थोरले काका नव्या सफारीत तिथेच उभे होते. पुढच्या क्षणी ते सफारीसकट मठ्ठ्यात न्हाले होते, भुवईवर कोथिंबीर होती आणि मागच्या सीटवर माझ्या मुलाचं बाशिंग नाकावर आलं होतं.

कोणाला खरचटलंसुद्धा नाही. हे मी लगेच सांगून टाकतो, कारण त्या वेळी मी स्वतः ते पाहिलं नाही. मी त्या वेळी दोन कामं केली. एक, किल्ली हळूच फिरवून चालूच्या जागी आणून ठेवली. आदळल्यावर इंजिन बंद पडतंच, त्यामुळे बंद गाडी पाहून कोणाला काही वाटणार नव्हतं. आणि दुसरं, दार उघडून ओरडलो, ‘‘ब्रेक फेल! ब्रेक फेल झाला!’’ त्या गर्दीतला पहिला आवाज माझा होता.

काकांनी डोळ्यांतला मठ्ठा पुसला. ‘‘हे ब्रेक कोन बनवले?’’

साडभाऊ माथ्यावरून धावत आले होते. टोपी कुठे पडली त्यांना ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, ‘‘मी.’’

‘‘अशा गाडीत आमच्या पोरीले बसवून नेनार होते काय तुमी लोकं?’’ व्याही माझ्याकडे पाहून म्हणाले. आजूबाजूला आवाज वाढू लागले. मी गाडीकडे बघत होतो. साडभाऊ माझ्या आणि व्याह्यांच्या मध्ये येऊन उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. ‘‘पोरीले तुमी बैलबंडीत बसवून पाठवा, नाई म्हनत नाई. पन राग माह्यावर काढा, पोरावर काढू नका. ब्रेक माह्या हातचे हायेत. गलती माही हाय.’’ एवढा थोराड माणूस भर मांडवात वाकलेला पाहून काकाही वरमले. कोणीतरी टॉवेल आणला, कोणीतरी हसलं. लग्न लागलं. मठ्ठ्यावाचून पंगती उठल्या.

संध्याकाळी जेवणं उरकल्यावर साडभाऊ माझ्याजवळ येऊन बसले. त्यांनी हळूच विचारलं, ‘‘साडभाऊ, इंजिन चालू होतं नं?’’

मी म्हणालो, ‘‘हो. चालू होतं.’’

‘‘मंग डब्यातच कायतरी हाय,’’ ते म्हणाले. पुन्हा त्यांनी तो प्रश्न कधीही विचारला नाही. नापास करणाऱ्या माणसाच्या शब्दावर त्यांनी एका झटक्यात स्वतःला नापास करून घेतलं.

दुसऱ्या दिवशीपासून ते डब्यातला दोष शोधायला बसले. डबा खोलला, सगळं ठीक. जोडला, चालवला, ठीक. तरी पुन्हा खोलला. चांगलं कातडं काढून नवं बसवलं, चांगली नळी काढून नवी बसवली. गेल्या खेपेस बदललेला वॉल्व ह्या खेपेस पुन्हा बदलला. पावसाळा गेला, हिवाळा गेला, कित्येक गेले. गाडी गल्लीच्या बाहेर निघेना. पाहुण्याला चहा ब्रेकशिवाय मिळू लागला, तेव्हा मेहुणीबाई माझ्या बायकोजवळ रडल्या. मग त्यांनी दुसऱ्यांच्या वस्तूही घेणं बंद केलं. पूर्वी साऱ्या आळीचे मिक्सर, शिलाई मशीन, फवारणीचे पंप त्यांच्याकडे यायचे आणि हसतखेळत दुरुस्त होऊन जायचे. आता कोणी आणलं तर म्हणायचे, ‘‘दुसऱ्याले दाखवा. माह्या हाताचा भरोसा नाई.’’ जो दोष नव्हताच, तो माणसाला कसा सापडणार? तो सापडत नाही म्हणून तो फारच खोल असणार, असं ते धरून चालले होते.

आणि मी काय करत होतो? मी गोष्ट सांगत होतो. साडभाऊंचा पावर ब्रेक! प्रत्येक लग्नात, बारशात, तेरवीलासुद्धा जेवणानंतर लोक म्हणायचे, ‘‘आष्टीचा किस्सा होऊन जाऊ द्या, भाऊ.’’ आणि मी उभा राहायचो. त्या काळचं कातडं, चरखा, पुलावरचा शिपाई, आणि शेवटी मठ्ठा. दर लग्नागणिक मठ्ठ्याची एक टाकी वाढत गेली. काकांच्या भुवईवरच्या कोथिंबिरीत मी पुढे मिरचीही घातली. लोक डोळे पुसेपर्यंत हसत. साडभाऊ त्यांच्यात बसलेले असत आणि तेही हसत, जरा उशिरा. मी सांगताना एक गोष्ट मात्र नीट सांभाळत असे: गाडी कोण चालवत होतं, ते मी सांगत नसे. हळूहळू ऐकणारे धरूनच चालले की साडभाऊच चालवत होते. मग मीही तसंच धरून चाललो. पुष्कळ वेळा सांगितलेल्या खोट्याला चांगला ग्रेड मिळतो.

गेल्या दिवाळीनंतर मी आर्वीला गेलो तेव्हा साडभाऊ अंगणात बसले होते. पुढ्यात कुरिअरचा खोका, फुग्याफुग्यांचं प्लास्टिक पसरलेलं, आणि त्यात चकचकीत काळा नवा डबा. आजच्या गाडीचा. त्यांच्या मुलाने पुण्याहून मागवून पाठवला होता. जुना डबा बाजूला फडक्यावर पडला होता.

‘‘हे काय?’’ मी विचारलं.

‘‘बसवतो आता. आजचा तं आजचा.’’ ते माझ्याकडे न पाहता म्हणाले. ‘‘जुना भंगारात देतो. लय शोधलं साडभाऊ. नाई सापडत. माह्यातच काई कमी असन.’’

मेहुणीबाई दारात उभ्या होत्या. मला त्या दिवशी नेमकं काय झालं ते मलाही नीट सांगता येत नाही. त्या माणसाच्या अंगणात त्याच्याच हातानं प्लास्टिक आलं होतं, ते बघवेना. मी खाली बसलो आणि सांगून टाकलं. किल्ली मी बंद केली होती, नंतर मीच फिरवून ठेवली, इंजिन चालू नव्हतं, ओरडलो तो मी. घरून निघताना तर मेहुणीबाईंकडून आंब्याचं लोणचं आणायचं, याखेरीज माझ्या मनात काहीच नव्हतं, आणि आता मी वाट बघत होतो. त्यांनी मला हाकलून द्यावं, निदान जवळचा पाना फेकून मारावा. पान्याची जागा मी डोळ्यांनी पाहून ठेवली होती.

साडभाऊंनी फडक्यावरचा जुना डबा जवळ ओढला. मग म्हणाले, ‘‘किती डाव लागला?’’

‘‘काय?’’

‘‘इंजिन बंद केल्यावर. ब्रेक किती डाव लागला?’’

‘‘दोनदा लागला. तिसऱ्या वेळी दगड झाला.’’

‘‘पुरा लागला? दोनी डाव?’’

‘‘पुरा लागला.’’

ते ताडकन उठले. त्या वयात त्यांना तसं उठताना मी पाहिलं नव्हतं. ‘‘ऐकलं काय वो!’’ ते दाराकडे ओरडले. ‘‘बंद इंजिनावर दोन डाव लागला! भरल्या गाडीत, उतारावर! म्हन्जे डबा ओढ धरून होता! वॉल्व बरोबर होता, कातडं बरोबर होतं, सारंच बरोबर होतं!’’ मी माफी मागायला बसलो होतो. त्यांनी माझी साक्ष नोंदवून घेतली आणि मला विसरून गेले. मेहुणीबाई मात्र विसरल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, ‘‘किती वर्स झाले, भाऊजी.’’ पान्याने काय लागलं असतं!

चहा आल्यावर साडभाऊ जरा शांत झाले. ‘‘त्या वक्ती तुमी उभे राह्यले असते नं पेडलवर, दोनी पायानं, तरीबी थांबली असती,’’ ते म्हणाले. मग बशीत पाहत, ‘‘तुमी मले एक डाव खरं सांगाचं होतं, साडभाऊ. मांडवात नाई. मांडवात तं मीच आड आलो असतो. पन संध्याकाळी मी इचारलं होतं. संध्याकाळी सांगाचं होतं.’’

त्यानंतर एका लग्नात लोकांनी नेहमीसारखा आष्टीचा किस्सा मागितला, तेव्हा मी उभा राहून खरा सांगितला. कोणी हसलं नाही. एक जण म्हणाला, ‘‘नाई भाऊ, थो पहिलेचाच बरा होता.’’ दुसऱ्याने माझ्या चिरंजिवांना बाजूला घेऊन, वडिलांची तब्येत बरी आहे ना, असं विचारलं. इतकी वर्षं मी जे पेरलं होतं त्याचं पीक असं तरारून आलेलं पाहून ग्रेडर म्हणून मला धन्य वाटलं. बोलून फिटत नाही म्हणून हे लिहून ठेवलं. आष्टीच्या उतारावर गाडी मी चालवत होतो. ब्रेक चांगले होते.

नवा डबा परत गेला. जुना पुन्हा जोडायचा आहे. पण इतक्या वर्षांत एक झालं आहे. साडभाऊंचे हात आता थरथरतात. बारीक स्प्रिंग चिमटीत राहत नाही, नट आट्यांवर बसत नाही. आपले हात चुकले नव्हते हे त्यांना कळलं, ते अशा वेळी. म्हणून दर रविवारी मी रोहण्याहून बसने आर्वीला जातो. ते खुर्चीवर बसतात, मी खाली सतरंजीवर. ते सांगतात, मी जोडतो. सगळं जोडून झालं की ते वाकून कान लावतात, बोटाने कड चाचपतात. माझं काम नीट झालेलं नसतं; कातडं कुठेतरी दुमडलेलं असतं, कुठे नट जास्त आवळलेला असतो. तसं ते मला तोंडावर म्हणत नाहीत. नुसतं म्हणतात, ‘‘खोला परत.’’

मी परत खोलतो.